मधाच्या पोळ्यांच्या ओक झाडावर चढण्याआधीची व्यवस्था

मी, बांतेई सोह्तुन, वय बावीस, शिलाँगचं कॉलेज अर्ध्यात सोडलेला, राहणार मौलिंग्खाप, खासी टेकड्या, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. ते ठिकाणावर नाही असं वेलिंग्टन मामा सांगत फिरतात. तो पुरावा धरू नये.

कारण असं. उद्या सकाळी कार्बनवाल्या, म्हणजे झाडांनी शोषलेला कार्बन मोजून विकणाऱ्या कंपनीची माणसं गावच्या उतारावरचं झाडूचं गवत आणि रान साफ करून एकजात पाइन लावणार, वर कुंपण घालणार. चूक आपलीच. ‘तुम्ही कुठलं जंगल उत्तम राखता?’ असं त्यांनी विचारलं आणि म्हाताऱ्यांनी छाती फुगवून देवराई दाखवली, जिथलं वाळकं पानही आपण उचलत नाही. झालं, पाइन लावल्यावर तोच नियम साऱ्या उताराला. अहो, देवराई देवाची, उतार पोटाचा. वरचं मिश्र रान वाढू द्या, त्याचा कार्बन खुशाल मोजा. खालचा भाग गवताला, अळंबीला मोकळा सोडा. गावचा दरबार, म्हणजे पुरुषांची गावसभा, हे मान्य करेपर्यंत मी उतारावरच्या पोळ्यांच्या ओकवर चढून बसणार, उतरणार नाही. शेजारी मधमाश्या आहेत, म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर आमच्या रीतीनं धाकट्या मुलीचं, म्हणजे बहीण लारीशाचं आहेच. गळकं छप्पर मी शाकारलं नाही. तिनं मोकळेपणानं शिव्या द्याव्यात.

२. मधाचा कोयता मित्र स्टारवेलला. घासत जा रे, स्वतःसारखा गंजवू नको.

३. आमचं कुळ आणि आडनाव आईकडून चालतं, म्हणून माझी हाडं कुळाच्या दगडाखाली ठेवण्याचा मान मामांचा. त्यांनी दरबारात पाइनसाठी हात वर केला, ते मी माफ केलेलं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातून मला जायचं नाही.

४. गिटार रिदालिन मारबानियांगला. ती कंपनीसाठी झाडांचे घेर मोजते. टेप लावताना ती ओकला मिठी मारते, तेव्हा मला त्या ओकचा हेवा वाटतो.

एवढं लिहिलं आणि रिदालिनच आली. वाचून म्हणाली, “साक्षीदार मी.”

“ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष करू नये. एवढं कॉलेजात शिकलोय.”

“मग चौथं खोड. गिटार तुलाही कुठं येते?”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे. बायकांना दरबारात बोलता येत नाही ना? झाडावरून बोलू नये असं कुणी म्हटलंय? आपल्या रानातल्या झाडांचे घेर किती मोठे भरलेत, म्हणजे त्यांत कार्बन आधीच किती साठलाय, ते वरून सांगते. मला बसायला फांदी धर.”

चौथं कलम रद्द. आता मला मुळीच मरायचं नाही.

सही: बांतेई सोह्तुन
मौलिंग्खाप, ११ मार्च

साक्षीदार:
१. रिदालिन मारबानियांग
२. वेलिंग्टन सोह्तुन, मामा. वाचून सही केली. पहाटे मधमाश्या हटवायला धुराची मशाल घेऊन झाडाखाली येतो. हाडं उचलायला येणार नाही.