कोरे करकरीत चेंडू

सोमवार, ३ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. नववीची मुलं हलतच नाहीत, दोन जिने चढली की धापा टाकतात, म्हणाल्या. म्हटलं, खेळाचा शिक्षक मी आहे, आता बघाच. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार. मुलं घामाघूम दिसली पाहिजेत. उद्यापासून मीसुद्धा पळणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ६
गुडघा. उद्या नक्की.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
नववी ब चा तास. आधी शिस्त, मग खेळ. उंचीप्रमाणे रांगा लावल्या, हजेरी घेतली, नखं तपासली. तोवर रांगा मोडल्या होत्या, पुन्हा लावल्या. घंटा झाली. पाया तरी पक्का झाला. रांगेत सगळ्यात मागे एक उंच मुलगी असते, वर्ग तिला शिडी म्हणतो. चेंडू कधी मिळणार, हे ती दर तासाला विचारते. म्हटलं, मिळतील. यांच्या हातात दिले की आठवड्यात साली निघतील. साहेब येऊन जाईपर्यंत कपाटातच बरे.

सोमवार, १० नोव्हेंबर
गणिताच्या सरांनी तास मागितला. दिला. चाचणी तोंडावर आलेली, नाही कसं म्हणणार? शिवाय ऊन फार होतं. आणि फळ्यापर्यंत चालत जाणं हाही व्यायामच की. घरी हे सांगितलं, तर बायकोने विचारलं, तुम्ही शेवटचे कधी पळालात. गेल्या महिन्यात बसमागे पळालो होतो, ते ती सोयीने विसरते. बस मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी.

बुधवार, १२ नोव्हेंबर
एकेक चेंडू फडक्याने पुसला. हवा बघितली. दमलो. हे काम कुणाला दिसत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
साहेब आले. रांगा अशा, की दोरी लावून बघावं. मग कपाट मी स्वतः उघडलं. साहेबांनी एक चेंडू फिरवून पाहिला. किमतीची चिठ्ठी अजून होती. अगदी नवे दिसतात, म्हणाले. माझा ऊर भरून आला.
"तीन वर्षं झाली, साहेब. एक ओरखडा नाही."
साहेबांनी चेंडू परत कपाटात ठेवला. बाईंनी कपाळाला हात लावला. ऊन लागलं असावं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
खेळाच्या तासाला कुणी खेळतच नाही, मग तास कशाला, असं साहेबांचं मत पडलं. तास गणिताला गेला. चेंडू चौथीला. माझी शिस्त मात्र बाईंना पटलेली आहे. त्याच तासाला मी नववी ब मध्ये मागे बसायचं आणि गणित चालू असताना कुणी हलत नाही ना, ते बघायचं.
आज पहिला दिवस. खाली मैदानात चौथीची पोरं माझे चेंडू बडवत होती. एकाची साल निघालेली वरूनही दिसली. वाईट वाटलं. चेंडूचं की आणखी कशाचं, ते कळलं नाही. तेवढ्यात शिडीने हात वर केला.
"सर, पाय आखडलेत. दारापर्यंत जाऊन येऊ?"
म्हटलं, खाली बस. बसली.
गुडघा आज अजिबात दुखला नाही.