भरतीत अडकलेला किल्लेदार

ती. विजयाताईस,

दिलीपचा उज्जैनच्या माधव नगराहून साष्टांग नमस्कार (आता पत्रातच जमतो, कंबर तुमच्या किल्ल्यावर राहिली). तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि माडावरचं ते माकड, तिघांची खुशाली कळव. आम्ही सुखरूप पोचलो. अपर्णाच्या पर्समधून अजून वाळू निघते आहे. बाई ती झटकतही नाही.

तुझ्या दारासमोरचा तो एवढासा किल्ला बघायला निघालो, तेव्हा तू बजावलं होतंस की भरतीच्या आत परत या. मी मान डोलावली. पण ताई, क्षिप्राकाठच्या माणसाला पाणी चढतं म्हणजे काय वाटणार? रामघाटाच्या चार पायऱ्या बुडतात, त्याही श्रावणात, आणि आधी पेपरात बातमी येते. समुद्राला हे रोजचंच काम आहे हे शाळेत शिकलो होतो (मार्कही बरे होते), पण ते परीक्षेपुरतं. त्यात तुझ्या घावनांवर उज्जैनची शेव भुरभुरून पोटभर जेवलो आणि जेवणानंतर आडवं व्हायची माळव्याची रीत बुरुजाच्या सावलीत पाळली. जाग आली ती अपर्णाच्या किंकाळीने, "अहो, रस्ता कहाँ गया?"

ज्या वाळूवरून चालत आलो तिच्यावर होड्या डुलत होत्या. मग ओहोटीपर्यंत दोन गंजक्या तोफा आणि आम्ही दोघं. मी किल्लेदाराचा रुबाब आणून पाहिला, पण शत्रू फिरकलाच नाही. किनाऱ्यावर तू मात्र उभी होतीस. असे गुडघे घेऊन, छत्री धरून, पार संध्याकाळपर्यंत. हात हलवून काहीतरी ओरडत होतीस (शिव्याच असणार, आणि बरोबरच). मधलं पाणी बघून मला एकदम भडभडून आलं. लग्न होऊन तू किती लांब गेलीस हे इतक्या वर्षांत नकाशावर कधी कळलं नव्हतं.

इकडे टावर चौकात तीच गर्दी आहे. घर मात्र उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दिलीप

ता. क. शेव पाठवली आहे. भाऊजींपासून लपवून ठेव, त्यांना खोकल्याचं कारण सापडेल.

आणखी ता. क. आई गेल्यावर तू म्हणालीस, आता कसलं माहेर, आणि त्यानंतर आलीच नाहीस. त्या दिवशी बुरुजावरून मीही घसा फोडून ओरडत होतो. अपर्णाला वाटलं, होडीवाल्याला बोलावतोय. वाऱ्यात तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून लिहितो. भाऊबीजेला घरी ये. माहेर आहे गं अजून. मी आहे ना.