शेपटीची खूण

४ मार्च
पोचलो एकदाचे! वीज केंद्राच्या वसाहतीत दोन खोल्या, खिडकीतून थेट समुद्र. धाकट्या भावालाही इथेच पाणबुड्याचं काम मिळालं. निघताना आई म्हणाली, आता तरी कुत्र्यामांजरासारखे भांडू नका. यंत्रं थंड ठेवायला केंद्र समुद्राचं पाणी ओढतं, त्याबरोबर मासे येतात आणि फिरत्या जाळीवर आपटून मरतात. किती मरतात याचा अंदाज काढायचा, ही माझी नोकरी.

७ मार्च
जाळीवर जिवंत मासा मिळाला की शेपटीचं टोक कापून त्याला परत सोडते, म्हणजे तोच दोनदा मोजला जात नाही. खूण केलेला पुन्हा आला, तर मात्र सुटका नाही. माशाचा कान डोक्याच्या आत असतो; त्या कानामागून डोकं चिरायचं, कानातला बारीक खडा काढायचा. त्यावरच्या वलयांवरून वय कळतं. फोरमन म्हणाला, बाई, तुमच्यापेक्षा खाटीक मवाळ. मला हसू आवरेना.

१५ मार्च
फोरमन जाळीपाशी पाण्यात पडला. धडधाकट वर आला, फक्त करंगळीचं टोक गेलं. पत्र्यानं कापलं म्हणतो. पत्रा इतका सरळ कापत नाही.

१९ मार्च
फोरमन आज पुन्हा पडला. जाळीनंच त्याला वर आणलं, माशांच्या ढिगात. डोकं कानामागून चिरलेलं, आतून कोरून काढलेलं. रक्त माझ्या बुटांपर्यंत आलं. तो काप माझा आहे. मी रोज तसाच घेते.

२० मार्च
जेवताना पाहिलं, धाकट्याच्या करंगळीला पट्टी. परवा पाण्यात कापलं म्हणे, सांगितलं असतं तर मी आईला कळवलं असतं म्हणून गप्प बसला. मी त्याच्या पाया पडले, उतरू नकोस. तो म्हणाला, ताई, तुझं डोकं फिरलंय, उद्या तर पंपही बंद असणार.

२१ मार्च
कोंडून ठेवलं होतं त्याला. खिडकीतून गेला. धावले — पंप बंदच होते, तरी त्याची दोरी ताणलेली — दोन्ही हातांनी ओढली, शेवटी पाण्यात हात घालून — आला. डोकं उघडं. आत —

चोवीस वर्षांचा होता. वयच हवं होतं तर मला विचारायचं.

२२ मार्च
हातावरचं त्याचं रक्त आज धुतलं. सगळं त्याचं नव्हतं. माझी करंगळी — काप सरळ —

आईला काय सांगू —

गाडी सकाळी आहे. पाण्यापासून लांब, एवढंच —

नळ बंद आहे. दाराखालून खारं पाणी येतंय — पलंगावर चढलेय — पाय ओला —

ते कानामागचे केस बाजूला सा