मिस्टर गिब्स काय जेवले?

वॉरिक, क्वीन्सलँड
सोमवार

आदरणीय विहीणबाई मार्जरी यांना फिलोमिना गॉर्मनचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? कॅल्गरीत अजून बर्फ पडतो आहे असं माझ्या लेकीने, क्लेअरने कळवलं, तेव्हा जपून चाला. तुमचे यजमान, तुमचं मांजर आणि माझा जावई डंकन (माझ्या वाढदिवसाला त्याने साधं कार्डसुद्धा धाडलं नाही, पण मुलगा तुम्ही वाढवलात, मी काय बोलणार) सगळे खुशाल असावेत. माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब तेवढा तुमचं पत्र आल्यापासून चढला आहे.

त्या पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली, पुढच्या महिन्यापासून इमीला शनिवारी संध्याकाळी बर्फावर घसरायच्या वर्गाला घालणार, त्यामुळे तिचा मला येणारा फोन यापुढे 'जमेल तसा' येईल. तुमची शनिवार संध्याकाळ म्हणजे आमची रविवार सकाळ. चर्चमधली मिस्सा आटोपून मी चहाची किटली घेऊन फोनपाशी बसते, ती वेळ. माझी काही हरकत नाही. नात तुमचीही आहे, तुमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते, तिने कुठे आणि किती घसरावं हे ठरवणारी मी कोण? त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी सोडणार नाही. तुम्ही लिहिता, "पाल ती पाल. चार अळ्या टाकल्या की झालं, त्यावर दर आठवड्याला एवढी चर्चा कसली?" मार्जरीबाई, मिस्टर आणि मिसेस गिब्स या भिंतीवरच्या पाली नव्हेत. त्या गेको आहेत, शेपटीच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी गाठ असलेल्या, आणि त्या पाळायला परवाना लागतो. इमीने त्यांना आपल्या दातांच्या डॉक्टरचं नाव दिलं, कारण दोघंही सारखीच डोळे वटारून बघतात. त्या माझ्या गळ्यात कशा पडल्या तेही तुम्हाला ठाऊक आहे. आमचं सरकार इथली पाल देशाबाहेर जाऊ देत नाही. नातीला जाऊ देतं.

तर तुमच्या त्या चार अळ्या. पिठातल्या अळ्या स्वस्त पडतात हे खरं, पण वरून टणक साल आणि आत नुसती चरबी. रोज तेच घातलं तर पाल फुगते आणि तिची हाडं मऊ पडतात. शिवाय मिसेस गिब्स समोर येईल ते गिळतात, नखरे सगळे नवऱ्याचे (माझे लिओ असेच होते, देव त्यांना शांती देवो). कॉन्व्हेंटात मदर इग्नेशियस ताटात टाकलेली भाजी दुसऱ्या जेवणाला तीच थंड वाढत असत. तो उपाय मी मिस्टर गिब्सवर केला. ते अळ्यांकडे पाठ करून बसले. आम्ही मुलीसुद्धा तेच करायचो, फक्त मनातल्या मनात.

मग रातकिडे आणले. अंगाला पौष्टिक, पण डबीच्या किमतीत मला कोकराच्या मटणाच्या चापा येतात, आणि चापा निदान उड्या मारत फ्रिजमागे जाऊन किरकिरत नाहीत. मी प्रार्थनेत 'नमो मारिया' म्हटलं की तेही सुरू, मी थांबले की तेही थांबणार. शेवटी इमीने फोनवर निकाल दिला, "नॅन, लाकडी झुरळं पाळ. ती गप्प असतात." आणि पोरगी बरोबर होती. झुरळं अंगाने भरदार, साल मऊ, वाढतात आपोआप, खायला गाजराची सालं पुरतात. फक्त डब्याच्या काठाला आतून व्हॅसलिन फासायचं, म्हणजे वर चढत नाहीत. आयुष्यभर फवारा घेऊन ज्यांच्या मागे धावले त्यांच्यासाठी मी आता गाजरं सोलते.

ही झुरळं अंड्यांच्या पुठ्ठ्यांत राहतात. आणि आमच्याकडे अंड्यांचे रिकामे पुठ्ठे कोणी फेकत नाही. ते मागच्या पायरीवर ठेवायचे, कोंबड्यावाल्या बाईने दार न वाजवता उचलून न्यायचे. आमची कोंबड्यावाली म्हणजे पलीकडच्या गल्लीतली मर्ल हॅनिगन. शनिवारी मी डबा धुवायला काढला, झुरळं बादलीत झटकली आणि पुठ्ठे उन्हात ठेवले. कुठे? पायरीवर. सगळी झुरळं झटकली गेली असं मला वाटलं होतं. झुरळांचं मत वेगळं होतं.

काल मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता आणि मर्लचं अंडी विकायचं टेबल होतं. बँकवाल्या डेस्मंडच्या बायकोने डझनभर अंड्यांच्या पुठ्ठ्याचं झाकण उघडलं आणि जी किंकाळी फोडली, तिच्यामुळे ऑर्गन वाजवणारी बाई खुर्चीवर चढली. झुरळं शेजारच्या टेबलावरच्या स्पंज केककडे निघाली. मर्लने फवारा काढला आणि झुरळांसकट केकही गारद केले.

"फिले, ही तुझी ना गं? तुझ्या त्या सरड्यांची?"

"सरडे नव्हेत. आणि दुसऱ्याचे पुठ्ठे विचारून न्यावेत, मर्ल."

"पायरीवरचे पुठ्ठे कधी कोणी विचारून नेलेत का? मला मेलीला काय ठाऊक आत भाडेकरू आहेत!"

"बायांनो," फादर कीओ म्हणाले, "आपण अजून देवाच्याच आवारात आहोत," आणि म्हणता म्हणता त्यांनी एकावर बूट ठेवला. "फादर, गाजरावर वाढवलं होतं हो ते!" असं माझ्या तोंडून निघून गेलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझी नजर मात्र घड्याळाकडे होती. पर्स तिथेच टाकून मी निघाले. या वयात मी मुख्य रस्त्यावरून धावले, मार्जरीबाई, टोपी हातात धरून, आणि दार उघडलं तेव्हा फोन वाजतच होता.

इमीला सगळं सांगितलं. ती हसली. हसता हसता शेवटी तिला उचकी लागते, अगदी पाळण्यात होती तेव्हापासून. तुमच्याकडे ती रोज ऐकू येत असेल. माझ्याकडे तेवढीच येते. मग तिने नेहमीचं विचारलं, "नॅन, आज मिस्टर गिब्स काय जेवले?" आणि आम्ही ठरवलं की आता रेशमाच्या अळ्या बघायच्या. त्यांना तुतीचा पाला लागतो, तो शोधायला हवा. म्हणजे बोलायला पुढचा रविवार आला.

डंकनला आशीर्वाद, मांजराला नाही.

आपली,
फिलोमिना

ता. क. : तुमच्या त्या बर्फाच्या मैदानावर मी फोन केला होता. शनिवारी सकाळीही वर्ग असतो म्हणे. फोनवरची मुलगी सभ्य होती. एक जागा शिल्लक आहे, ती तिने इमीच्या नावाने धरून ठेवली आहे. तुम्ही जाऊन हो म्हणायचं तेवढं बाकी आहे. एरवी मी कुणाकडे काही मागत नाही.

आणखी ता. क. : हे तेवढं इमीला वाचून दाखवू नका. मिस्टर गिब्स अळ्या खातात, रातकिडे खातात, झुरळं तर मिटक्या मारत खातात. पहिल्या आठवड्यापासून. पण त्यांच्या खाण्याचं अजून काही जमत नाही असं तिला वाटतं आहे, आणि ते जमेपर्यंत तिला दर रविवारी विचारावंच लागतं.