सातवी रेघ

मी, वय वर्षे बावीस, बंदूक दुरुस्तीच्या दुकानातला मदतनीस, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला, पूर्ण शुद्धीवर आणि रोजच्यापेक्षा कमी रागात हे लिहून ठेवतो. माझं सगळं बदललं ते मंगळवारी सकाळी साडेदहाला, उस्तादांनी नव्या रायफलीचा सातवा बार काढला तेव्हा. आज बाराच्या गाडीने मी आघाडीवर निघालोय. भरतीच्या अर्जात 'मृत्युपत्र केले आहे काय?' असा रकाना आहे, म्हणून हा खटाटोप.

१. कॉलेजची पुस्तकं बाबांना. फारशी उघडलेली नाहीत, किंमत बरी येईल. वर्गात ज्याचं नाक मी फोडलं तो, मी जिला पत्रं लिहायचो तिच्याबद्दल, काय बोलला होता, हे बाबांनी कधी विचारलं नाही. आता विचारू नये.

२. सायकल तिला. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने त्या सायकलवर बसू नये. त्याला एक ठोसा द्यायचा राहिला होता, तो या मृत्युपत्राने रद्द.

३. नळी पुसायचा पितळी गज, चिंध्यांचा डबा आणि तेलाची बुधली उस्तादांना परत. नवी नळी आतून खरखरीत असते. एक गोळी झाडायची, तेलाच्या चिंधीने दारूचं काळं आणि गोळीचं तांबं काढायचं, मग दोन कोरड्या चिंध्या, मग पुढची गोळी. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टला बोटभर ग्रीस, पण काडतूस बसतं ती जागा कोरडी ठणठणीत. तिथे तेल राहिलं तर काडतूस भिंतीला धरत नाही, सगळा दणका मागे येतो. उस्ताद म्हणायचे, "पोरा, ही तुझ्यासारखीच आहे. दहा वेळा पुसल्याशिवाय सरळ वागायची नाही."

४. आमच्यात रीत अशी: कोरडी चिंधी फिरली की मी फळीवर खडूने रेघ ओढायची. रेघ दिसली की उस्ताद काही विचारत नाहीत, सरळ काडतूस भरतात. त्या दिवशी ती माझी पत्रं परत द्यायला दुकानाच्या दारात आली. नळीत आणि काडतुसाच्या जागेत तेल होतं. परत येऊन पुसतो म्हणून मी सातवी रेघ आधीच ओढली आणि तिच्यामागे धावलो. कोपऱ्यावर पोचलो तोच आवाज झाला. काडतूस मागून फाटलं होतं. उस्तादांचा उजवा डोळा गेला.

दवाखान्यात ते निरीक्षकाला म्हणाले, "मीच पुसायला विसरलो." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुकानाला सील लागलं. परवाना कायमचा काढून घ्यायची सुनावणी आज अकरा वाजता आहे.

५. हा कागद लिफाफ्यात बंद करून शेजारच्या लेथवाल्याकडे राहावा आणि माझ्या मरणानंतर परवाना कचेरीत द्यावा.

ताई आणि लेथवाला साक्षीदार आहेत, दोघं इथेच बसलेत. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून ताईला काही नाही. सही करण्याआधी तिने सगळं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मेल्यावर उघडायचं ना हे?"

"हो."

"आणि तू नाहीच मेलास तर? उस्तादांनी तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं का?"

मी म्हटलं, तुला काय कळतं. ती म्हणाली, "परत रेघ आधी ओढतोयस, एवढं कळतं."

लेथवाला खाली बघून हात पुसत राहिला.

६. म्हणून कलम पाच रद्द. हा कागद मी स्वतः अकरा वाजता कचेरीत वाचून दाखवणार. गाडी चुकेल. तिथेच डांबलं तर डांबतील. खडू मात्र यापुढे उस्तादांनी स्वतःच्या खिशात ठेवावा. दुसऱ्याने ओढलेल्या रेघेवर भरवसा ठेवू नये, माझ्या तर नाहीच.

साक्षीदार: ताई (सही). लेथवाला (सही, तेलाच्या बोटासह).
लिहून देणार: मी (सही).
स्थळ: दुकानामागची माझी खोली.
दिनांक: त्या मंगळवारानंतरचा सतरावा दिवस, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

सह्यांनंतर लिहितो: गज कोरडा पुसून फळीवर ठेवला आहे. कागद खिशात घालतो, दार ओढून घेतो आणि निघतो.