निर्गुडी कुणाच्या घरची

तंजावूर,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय शांभवी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीचं, जननीचं कॉलेज सुरू झालं असेल. इथे ठीक आहे. शेजारच्या वेंकूबाई नको म्हटलं तरी दुपारी रसम भात ठेवून जातात. एकटीला जेवण जात नाही.

अप्पांची वनस्पतिशास्त्राची पुस्तकं त्यांच्या कॉलेजला देऊन टाकली. त्यांच्या दिवसकार्याला तू आली नाहीस, त्याचा राग नाही. फोनवर मला सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

शेवटी शेवटी ते माणसं विसरले, फुलं नाही. तिरुवैयारूला नदीकाठी नेलं की निर्गुडीचा तुरा मागायचे. “हिला इतकी वर्षं घाणेरीच्या कुळात ठेवलं,” म्हणायचे. “झुपका बघा. घाणेरीचं कडेचं फूल आधी उमलतं, हिचं मधलं. तुळशीसारखं. ही तुळशीच्या घरची.” मग मला विचारायचे, “तुम्ही कुणाच्या घरच्या?”

“चिदंबररावांच्या,” मी त्यांचंच नाव सांगायची.

“बरी माणसं,” म्हणायचे.

तू एडविनशी लग्न केलंस तेव्हा हेच अप्पा दारात उभे राहून म्हणाले होते, “आता तू आमच्या कुळाची नव्हेस.” मी विसरले नाही. तू कशी विसरशील?

जाण्याच्या थोडे दिवस आधी, असाच तुरा हातात असताना, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “शांभवी, आलीस की गे.”

मी चंद्रमती, असं सांगणार होते. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की “हो अप्पा” म्हटलं.

“तुला बाहेर ठेवलं मी. चुकलं. राग आहे?”

मी नाही म्हटलं. तुझ्या वतीनं, तुला न विचारता. ते रडले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून निजले. त्यानंतर शेवटपर्यंत तुझ्याच नावानं हाका मारत राहिले, मी ओ देत राहिले. न्हाऊ घातलं, भरवलं, ते सगळं तूच केलंस असं समजून गेले. मला वाईट वाटलं, शांभवी. हे कुणाला सांगितलं नाही.

क्षमा त्यांनी तुझी मागितली होती. ती तुझी तुला पोचवते. मी दिलेलं उत्तर तुझं नसेल, तर तसं लिही. मी वाचेन.

तुझी अक्का,
चंद्रमती

(बऱ्याच दिवसांनी हे नाव लिहिलं.)