क्वार्टरबॅकचा एजंट

१ डिसेंबर, रविवार

आजपासून डायरी. पुढच्या काही आठवड्यांत आमच्या घरात जे घडणार आहे त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. तेवढी दूरदृष्टी घरात दुसऱ्या कुणाला नाही.

परिस्थिती अशी. आमचा मुलगा वेस कॅल्डर स्टेट कॉलेजचा दोन नंबरचा, म्हणजे राखीव, क्वार्टरबॅक; अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकून टीमची चाल चालवतो तो. तीन वर्षं दोन नंबरच. यंदा पहिली जागा त्याचीच होती, पण उन्हाळ्यात कोचने पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, डॅरियस नावाचा मुलगा आणला. डॅरियसचं हे तिसरं कॉलेज. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर खेळायला बंदी असायची, त्यामुळे पोरं जागच्या जागी राहायची. आता पोर्टलमध्ये नाव टाकायचं, हवा असेल ते कॉलेज फोन करतं, पोरगा बॅग उचलतो. शर्ट बदलावा तशी टीम बदलतात.

तर आपणही बदलायची. वेसचा एजंट मी स्वतः. टायरचं दुकान चालवणाऱ्याला घासाघीस शिकवावी लागत नाही.

ठराव: एजंटने भावनेच्या आहारी जायचं नाही.

३ डिसेंबर

वेसशी फोनवर बोललो. म्हणजे मी बोललो, तो हं म्हणाला. होकार आहे.

जोलीनने विचारलं की, रॉयस, पोराला विचारलंस का त्याला काय हवंय ते. म्हटलं, बाप आहे मी त्याचा. ती भांडी घासायला गेली. बायकोला धंद्यातलं कळत नाही, पण राजमा-खिम्याची चिली चांगली करते.

४ डिसेंबर

व्हिजिटिंग कार्डं तयार. दुकानाच्या जुन्या कार्डांच्या मागे छापली, नाहीतर वाया जात होती. एका बाजूला ‘रॉयस टॉलिव्हर, क्रीडा प्रतिनिधी’. दुसऱ्या बाजूला ‘हिवाळी टायर बसवून मिळतील’.

५ डिसेंबर

वेसच्या खेळाचा व्हिडिओ बनवला. दुकानात मर्लला दाखवला. मर्ल माझ्याकडे बारा वर्षं टायर बसवतोय, पण स्वतःला मालक समजतो. अडचण अशी की वेसला मैदानात उतरवतात ते सामना जिंकल्यात जमा असताना. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि नुसता गुडघा टेकतो, घड्याळ पुढे सरकावं म्हणून. वेस गुडघा फार सफाईने टेकतो. मर्ल म्हणाला, लेका, हा फुटबॉल आहे की चर्चमधली प्रार्थना? आणि हा जो एकुलता एक लांब पास आहे तो तीनदा का दाखवलाय?

म्हटलं, तीन वेगवेगळ्या बाजूंनी घेतलाय. खेळाडूला सगळ्या बाजूंनी पारखतात. मर्लला हे नवीन होतं.

८ डिसेंबर, रविवार

कॅल्डर स्टेट प्लेऑफमध्ये! अजिंक्यपदासाठी खेळणाऱ्या देशातल्या बारा टीममध्ये आमची. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. पहिला सामना एकवीस तारखेला, तोही आपल्याच मैदानावर. गावात आगीच्या बंबाचा भोंगा वाजवला. जोलीन रडली. मर्लने मला न विचारता दुकान बंद केलं.

मी शांत होतो. उद्या सकाळी पोर्टल उघडतंय, आणि प्लेऑफच्या टीममधला क्वार्टरबॅक म्हणजे भाव वाढणार. वेळ साधली पाहिजे.

जोलीनचं म्हणणं, निदान सामने तरी होऊ देत. प्लेऑफमधल्या पोरांना नंतर जादा मुदत मिळते हे मलाही माहीत आहे. पण तोवर चांगल्या जागा भरतात. आमच्या कोचचा नियम असा की पोर्टलमध्ये नाव घातलं की जर्सी परत करायची आणि घरी जायचं. स्कॉलरशिपही जानेवारीपासून बंद. नियम सगळ्यांना असतात. वेससाठी कोच स्वतः गयावया करत येईल. ऐन प्लेऑफच्या तोंडावर दोन नंबरचा क्वार्टरबॅक कोण सोडतो?

९ डिसेंबर

नाव घातलं. कोचने वेसशी हस्तांदोलन केलं आणि शुभेच्छा दिल्या. दुपारपर्यंत त्याचं कपाट तीन नंबरच्या टीगला देऊन टाकलं.

हा डाव आहे. मीही टायरच्या कंपनीशी असाच वागतो.

वेस संध्याकाळी सामान घेऊन घरी आला. थकलेला वाटला नाही. तीन बशा चिली खाल्ली, वर दालचिनीचे दोन रोल. दुसऱ्या कॉलेजने घेतला नाही तर त्याचं शेवटचं वर्ष, डिग्री, खेळ सगळंच लटकणार, हे त्याला समजावून सांगितलं. म्हणजे तो गांभीर्याने घेईल. तो म्हणाला, डॅड, अजून चीज आहे का?

११ डिसेंबर

फोन नाही. अपेक्षितच. मोठी कॉलेजं पहिल्या दोन दिवसांत फोन करत नाहीत, हपापलेली दिसतात.

मीही स्वतःहून कुणाला फोन करणार नाही. ठराव.

१२ डिसेंबर

अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला. तिघांचे आले. दोघांना टायर हवे होते, एक दंतवैद्याकडून.

१४ डिसेंबर, शनिवार

जोलीन आणि वेस नाताळच्या खरेदीला सू फॉल्सला गेले. एवढ्या लांब, बर्फातून, दिवसभर. वेसने इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला होता. म्हटलं, मॉलमध्ये टाय? जोलीन म्हणाली की जरा बरं दिसलेलं काय वाईट.

रिकाम्या हातांनी परत आले. काही पसंत पडलं नाही म्हणे. पण दोघं खुशीत. वेस जेवताना शीळ घालत होता. खरेदीने मन हलकं होतं असं लोक म्हणतात, ते खरं असावं.

१७ डिसेंबर

जॉर्जियाहून फोन! अनोळखी नंबर. जॉर्जिया म्हणजे फुटबॉलचं माहेरघर. मुद्दाम चार वेळा वाजू दिला आणि उचलला नाही. हपापलेलं दिसू नये. दहा मिनिटांनी मीच उलट फोन लावला.

माणूस गोड बोलत होता. माझ्या गाडीची वॉरंटी संपत आलीय म्हणाला. मी विचारलं, ते ठीक आहे, पण तुम्ही कोणत्या कोचच्या वतीने बोलताय? त्याने दोनदा सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला. चाचपणी करत होते. अशीच करतात.

१९ डिसेंबर

मर्लने विचारलं, पोराचं कुठे जमलं का? म्हटलं, बोलणी चालू आहेत. कुणाशी? म्हटलं, ते गुप्त असतं. मर्ल म्हणाला, एवढं गुप्त की समोरच्या पार्टीलाही माहीत नाही?

त्याला मागच्या अंगणातला बर्फ उपसायला पाठवलं.

२१ डिसेंबर, शनिवार

सामना. इतकी वर्षं आम्ही खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या जागांवर बसायचो. आता तो हक्क नाही, म्हणून घरी टीव्हीवर. कॅमेरा एकदा तिकडे फिरला. माझ्या जागेवर टीगचा बाप बसला होता, मांडीवर ब्लँकेट. मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये डॅरियसचा घोटा मुरगळला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत बाहेर गेला.

जोलीनने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. बारा दिवसांपूर्वीपर्यंत या क्षणी मैदानात उतरणारा मुलगा आमच्या सोफ्यावर मोजे घालून बसला होता. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. डॅरियसला स्ट्रेचर लागलं नाही म्हणून असेल.

टीग उतरला. मग वेस पुढे सरकून बसला आणि बोलू लागला. टीग आता डावीकडे बघेल. आता थांबेल. आता टाक, टाक! दर वेळी तसंच घडायचं. सकाळी तासभर टीगशी फोनवर बोलत होता तो हेच सांगत होता, असं जोलीन म्हणाली. कॅल्डर स्टेट जिंकलं. वेस सोफ्यावर चढून नाचला. जोलीनही.

मी दालचिनीचे दोन रोल खाल्ले. चव लागली नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली, की वेसला प्रत्येक चाल तोंडपाठ आहे. असा पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक कुठल्या कॉलेजला नको असेल?

२२ डिसेंबर

फोन नाही. रविवार आहे. लोक चर्चमध्ये असतील.

चर्चमध्ये गेलो. सगळे टीगबद्दल बोलत होते. पाद्रीसुद्धा.

२५ डिसेंबर

नाताळ. आज कुणीच फोन करत नाही, त्यामुळे बरं वाटलं.

२८ डिसेंबर

पोर्टल बंद झालं. म्हणजे नवीन नावं बंद. आत असलेल्यांना कॉलेजं अजूनही घेऊ शकतात. गर्दी ओसरली की खरा माल दिसतो. मर्लला हे सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. ग्रीसचा डाग पडला शर्टाला.

हल्ली सकाळी उठल्यावर काही जाणवत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं. थंडीने असेल.

१ जानेवारी, बुधवार

कॅल्डर स्टेट हरलं. सपाटून. टीगने तीन पास चुकीच्या हातात दिले. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. वेस मात्र उठून टीगला फोन करायला गेला. बराच वेळ बोलत होता. हसवत होता त्याला.

२ जानेवारी

ठराव मोडला. कॅन्ससमधल्या एका मध्यम कॉलेजला स्वतः फोन केला. डावपेच म्हणून. नवीन खेळाडू घेण्याचं काम बघणारी एक तरुण मुलगी बोलली. वेसचं नाव सांगितलं. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, सर, या मुलाशी आम्ही संपर्क करू शकत नाही. त्याच्या नावापुढे ‘संपर्क करू नये’ असा शेरा आहे.

म्हटलं, कॉलेजच्या ऑफिसची चूक असणार. ती म्हणाली, नाही सर, तो शेरा खेळाडूने स्वतः सांगितल्याशिवाय लागत नाही. ज्यांचं कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असतं ती मुलं तसं करतात, म्हणजे बाकीच्यांचे फोन येत नाहीत. मग तिने विचारलं, आपण त्याचे कोण?

मी म्हटलं, एजंट.

ती म्हणाली, मग तुम्हाला माहीत असेलच.

२ जानेवारी, दुपारी

वेस गॅरेजमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडत होता. विचारलं. त्याने खरवडणं थांबवलं नाही.

सेंट ऑडो. साउथ डकोटातलं छोटंसं कॉलेज. पोर्टल उघडलं त्याच दुपारी त्याने तिथल्या कोचला फोन केला होता. चौदा तारखेला जोलीनबरोबर जाऊन भेटला. म्हणजे टाय त्यासाठी. जागा पक्की, स्कॉलरशिप आहे, डिग्रीही वेळेत होणार.

म्हटलं, पहिल्या नंबरची जागा आहे ना?

नाही. दोन नंबर.

मी म्हटलं की अजून बोलता येईल, मी त्यांच्याशी बोलतो. तेव्हा त्याने खरवडणी खाली ठेवली. म्हणाला, डॅड, दोन नंबरची मीच मागितली. मला मैदानात उतरायचंच नाहीये. दीडशे किलोचा गडी अंगावर धावून आला की मी डोळेच मिटून घेतो, अगदी शाळेपासून. मला खेळ कळतो, दुसऱ्याला सांगायला आवडतं. त्या कोचला असाच मुलगा हवाय, लहान पोरांना शिकवणारा. डिग्री झाली की तिथेच मदतनीस कोच करणार आहे. डॅरियस आला ना उन्हाळ्यात, त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपलो.

मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

म्हणाला, सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही बोलत होतात.

मला वाईट वाटलं. फार वाईट. ते इथे लिहून ठेवतोय, कारण दुसरं कुठे ठेवायचं ते कळत नाही.

३ जानेवारी

जोलीनशी बोललो नाही. ती पण बोलली नाही. चिली केली.

५ जानेवारी, रविवार

वेसला सेंट ऑडोला सोडलं. मैदान आमच्या शाळेच्या मैदानाएवढं, एका बाजूला धान्याची कोठारं. कोच तिशीतला, मफलर गुंडाळलेला. जोलीनला नावाने हाक मारली. वेसला मिठी मारली आणि म्हणाला, चल लवकर, पोरं वाट बघतायत. वेस पळतच गेला.

मग कोच माझ्याकडे वळला. मी काय सांगावं याचा विचार करत होतो, तोच म्हणाला, तुम्ही वेसचे वडील ना, टायरचं दुकान आहे ते? म्हटलं, हो. तो म्हणाला, बरं झालं देवासारखे भेटलात, टीमच्या बसचं मागचं चाक जरा बघता का? आठवडाभर एका बाजूला कलल्यासारखी चालतेय.

बघितलं. हवा कमी होती. माझ्या गाडीत पंप होता, बर्फात गुडघा टेकून भरली. आतून वेसचा आवाज येत होता, कुणाला तरी काहीतरी समजावत होता. पोरं हसली. जोलीनने गाडीतून विचारलं, झालं का रे?

म्हटलं, थांब जरा. उरलेल्या पाच टायरांतही भरली. कुणी सांगितलं नव्हतं.